मागे पळणाऱ्याची विद्या

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या १४१व्या अधिवेशनात लॉस एंजेलिसच्या २०२८ सालच्या ऑलिम्पिकसाठी पाच खेळांना मान्यता मिळाली. भारतात त्या दिवसाची बातमी एकाच खेळाची झाली. १९०० सालच्या पॅरिसनंतर क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परतत होतं, त्यामुळे ते स्वाभाविकही होतं. त्याच यादीत फ्लॅग फुटबॉल हेही नाव होतं, आणि त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. फ्लॅग फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं असं रूप, ज्यात अंगावर धडकायला बंदी आहे. पाच विरुद्ध पाच खेळाडू, शिरस्त्राण नाही, चिलखत नाही, कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना दोन फिती. चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत ओढली की तो बाद नव्हे, पण त्याची दौड तिथेच संपली. पुरुष आणि महिला, दोघांच्याही स्पर्धा होणार आहेत.

हा खेळ भारतात जेव्हा येतो, तेव्हा चेंडू फेकणाऱ्यापासून सुरू होतो. लांब फेक, हवेत झेपावून घेतलेला झेल, जल्लोष. जाहिरातीत हेच दिसतं आणि शिबिराला आलेल्या मुलांनाही हेच करून पाहायचं असतं. पण खेळ खरोखर रुजवायचा असेल तर सुरुवात दुसऱ्या टोकाकडून व्हायला हवी. ज्याच्या अंगावर ती फेक येते, जो झेल घेणाऱ्याला सावलीसारखा चिकटून राहतो, त्या बचावपटूला आधी शिकवलं पाहिजे. अशा शिक्षणासाठी लागणारी परंपरा हैदराबादकडे आहे. फुटबॉलमध्ये होती, बॅडमिंटनमध्ये आहे, आणि तिचा या नव्या खेळाशी असलेला संबंध वरवरचा नाही.

आधी त्या बचावपटूचं काम नीट पाहायला हवं. अमेरिकन फुटबॉलचं मैदान १६० फूट रुंद असतं. आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर ठरलेल्या वाटेने पळून तो झेलतो. रिसीव्हरला झाकणाऱ्या खेळाडूंना डिफेन्सिव्ह बॅक म्हणतात: कडेला कॉर्नरबॅक, पाठीमागे राखणीला सेफ्टी. त्यांच्या झाकण्याला कव्हरेज हा शब्द आहे.

कॉर्नरबॅक रिसीव्हरपासून सहा-सात यार्ड मागे उभा आहे. गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, छाती किंचित पुढे झुकलेली. चेंडू हलतो आणि रिसीव्हर पूर्ण वेगाने त्याच्या दिशेने निघतो. कॉर्नरबॅक मागे पळू लागतो, तोंड समोरच ठेवून. पावलं छोटी आणि जमिनीलगत, हात सरळ धावताना हलतात तसेच. नवशिका इथेच फसतो. मागे जायचं म्हणून तो टाचांवर रेलतो आणि कंबरेतून ताठ होतो. टाचांवर गेलेलं वजन पुन्हा पुढे आणायला एक पाऊल जास्त लागतं, आणि तेवढ्यात रिसीव्हर दोन यार्ड मोकळा झालेला असतो.

नजर कुठे ठेवायची, हा पुढचा धडा. डोळे, मान, खांदे यांनी रिसीव्हर हवी तेवढी हूल देऊ शकतो. कंबर मात्र जाईल तिकडेच शरीर जातं, म्हणून नजर कमरेच्या पट्ट्यावर खिळवायची. क्वार्टरबॅककडे, चेंडूकडे चोरून पाहण्याचा मोह आवरायचा. दोघांतलं अंतर दोन-तीन यार्डांवर आलं की कंबर उघडायची, म्हणजे शरीर वळवून त्याच्या बाजूने सरळ पळायला लागायचं. ही कंबर लवकर उघडली तर रिसीव्हर उलट्या बाजूला कापतो. उशिरा उघडली तर तो पुढे निघून जातो. तो मध्येच थांबून मागे वळला, तर बचावपटूला मागचा पाय आडवा रोवून त्याच क्षणी पुढे झेपावं लागतं. आडव्या पावलाचा हा सराव अमेरिकेत शाळकरी वयापासून हजारो वेळा करून घेतला जातो, कारण विचार करून ते पाऊल टाकायला वेळच नसतो. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात जेमतेम अडीच-तीन सेकंद असतो.

मग चेंडू हवेत असतो. इथे एक कडक नियम शिकवला जातो: रिसीव्हरच्या खांद्याला खांदा लागलेला असेल, तरच मान वळवून चेंडू शोधायचा. एक पाऊल जरी मागे असलात, तरी वळायचं नाही. मान वळली की वेग कमी होतो आणि एका पावलाचं अंतर तीन पावलांचं होतं. मागे राहिलेल्याने रिसीव्हरच्या हातांकडे पाहायचं. ते वर उठले की चेंडू आला असं समजून त्या हातांमध्ये आपला हात घालायचा. स्वतःवर विश्वास नसलेला खेळाडू घाबरून लवकर वळतो, आणि तिथेच हरतो.

या सगळ्यामागची मूळ अडचण ज्ञानाची आहे. रिसीव्हरला कुठे जायचं ते माहीत आहे, बचावपटूला नाही. शिवाय रिसीव्हर पुढे पळतो आणि हा मागे. वेग सारखा असला तरी ही लढत सुरुवातीलाच विषम आहे. कव्हरेजचं तंत्र ही विषमता भरून काढण्यासाठी घडत गेलं. आतल्या बाजूला अर्धं पाऊल सरकून उभं राहिलं की रिसीव्हरला बाहेरची वाट मोकळी मिळते, पण बाहेर सीमारेषा आहे, तिथली जागा तोकडी आहे आणि तिथली फेक लांबची आहे. म्हणजे काय द्यायचं आणि काय नाही, हे बचावपटूने चेंडू हलण्याआधीच ठरवलेलं असतं. रिसीव्हरच्या वाटाही अमर्याद नसतात. प्रशिक्षक त्यांना शून्य ते नऊ असे क्रमांक देऊन शिकवतात. तिसऱ्या पावलावर आत कापला तर एक फेक, दहा-बारा यार्डांवर पाय रोवला तर दुसरी. दहा वाटांपैकी निम्म्या उभं राहण्याच्या जागेने कमी होतात, उरलेल्यांपैकी काही पावलं मोजून गळतात. शेवटी दोन-तीन शक्यता राहतात, आणि त्यांच्यासाठी पाय तयार असतात.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमधलं, म्हणजे अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्यातलं आहे. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८-२४ ने पुढे होते. सिअॅटल सीहॉक्स गोलरेषेपासून एका यार्डावर होते, घड्याळात २६ सेकंद उरले होते. सिअॅटलचे दोन रिसीव्हर उजवीकडे एकामागे एक उभे राहिले. पुढच्याने बचावपटूची वाट अडवायची आणि मागच्याने आत कापून झेल घ्यायचा, असा तो बेत. पेट्रियट्सच्या ब्रँडन ब्राउनरने पुढच्या रिसीव्हरला जागच्या जागी रोखलं. मागे उभा होता माल्कम बटलर. कोणत्याही संघाने निवडप्रक्रियेत न घेतलेला, पहिल्याच हंगामातला कॉर्नरबॅक. हीच रचना सरावात त्याच्यासमोर आली होती आणि तिथे तो अडथळ्याला वळसा घालून गेल्यामुळे उशिरा पोहोचला होता. या वेळी रचना ओळखताच तो सरळ चेंडूच्या ठिकाणाकडे सुटला, रिकार्डो लॉकेटच्या आधी तिथे पोहोचला आणि चेंडू त्याच्या हातात होता. ज्याला हा क्षण केवळ अंतःप्रेरणा वाटतो, त्याने त्या आठवड्यातला सराव विसरू नये. चुकलेलं पाऊल दुरुस्त करून घेणारा कुणीतरी तिथे होता, म्हणून ते पाऊल अंतिम सामन्यात बरोबर पडलं.

एकट्याने एकाला झाकणं हा कव्हरेजचा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग जागा झाकण्याचा. मागचं मैदान दोन, तीन किंवा चार पट्ट्यांत वाटून घ्यायचं, आणि आपल्या पट्ट्यात येईल त्याला सांभाळायचं. जागा झाकणारा बचावपटू क्वार्टरबॅककडे पाहू शकतो, चेंडू लवकर ओळखू शकतो, पण दोन पट्ट्यांच्या शिवेवर रिसीव्हर आला की ‘हा तुझा की माझा’ हा प्रश्न उभा राहतो. तो बोलूनच सुटतो. मैदानावर गप्प राहणारा सेफ्टी कितीही वेगवान असला तरी निरुपयोगी ठरतो. सिअॅटलने २०१३ च्या हंगामात मागचं मैदान तिघांत वाटण्याची पद्धत मुख्य ठेवून साऱ्या लीगला जेरीस आणलं. त्या हंगामात ६०६ गुणांचा विक्रम करणाऱ्या डेन्व्हरला त्यांनी अंतिम सामन्यात ८ गुणांवर रोखलं. त्या बचावाचा प्रमुख कॉर्नरबॅक रिचर्ड शर्मन महाविद्यालयात आधी रिसीव्हर होता, आणि २०११ च्या निवडीत तो पाचव्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला होता. जन्मजात वेगावर त्याची निवड झाली नव्हती. त्याला घडवलं गेलं.

‘हा तुझा की माझा’ हा प्रश्न हैदराबादला नवा नाही. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने हरवलं, तेव्हा जगभरच्या फुटबॉलसमोर तो आला होता. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड नांदोर हिदेगकुटी नेहमीच्या जागी न थांबता मागे सरकून खेळला. त्याला झाकण्याची जबाबदारी असलेल्या हॅरी जॉन्स्टनला त्याच्यामागे जावं की जागा राखावी, ते अखेरपर्यंत उमगलं नाही. गेला तर मागे भगदाड, थांबला तर हिदेगकुटी मोकळा. हिदेगकुटीने तीन गोल केले. हा धडा ज्यांनी लगेच उचलला, त्यांत हैदराबादचा एक शाळाशिक्षक होता: सय्यद अब्दुल रहीम. भारतीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मागे सरकून खेळणाऱ्या आघाडीपटूची कल्पना आपल्या संघात आणली, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला. ऑस्ट्रेलियावरच्या ४-२ विजयात मुंबईत खेळणाऱ्या, गोव्याच्या घराण्यातल्या नेव्हिल डिसोझाने हॅट्‌ट्रिक केली, ऑलिम्पिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची पहिली.

रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला. कूपरेजवरच्या प्रेक्षकांना त्या संघाची घडी चांगली ठाऊक होती. ती पैशातून आलेली नव्हती. रहीम अशा स्पर्धा भरवत, ज्यांत चेंडू घेऊन पळत जायला बंदी असे, जेणेकरून मुलांना चटकन पास देण्याची सवय लागावी. काही सामन्यांत फक्त कमजोर पायाने खेळायचं, असा नियम असे. म्हणजे खेळाचा एकच तुकडा वेगळा काढायचा, बाकी सगळं बंद करायचं, आणि तो तुकडा अंगात मुरेपर्यंत घोटायचा. अमेरिकेतला डिफेन्सिव्ह बॅकचा प्रशिक्षक तासाभराच्या सरावातली वीस मिनिटं चेंडूशिवाय नुसत्या मागे पळण्यावर आणि कंबर उघडण्यावर घालवतो, तेव्हा तो रहीम यांच्याच पद्धतीने शिकवत असतो.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत रहीम यांच्या संघाने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक जिंकलं. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यानंतर भारतीय फुटबॉलला आशियाई सुवर्ण पुन्हा मिळालेलं नाही. या घसरणीची कारणं अनेक असतील, पण एक उघड आहे. ती विद्या एका माणसाजवळ होती, तिच्यासाठी संस्था नव्हती.

बॅडमिंटनमध्ये त्याच शहराने ही उणीव भरून काढली. २००१ साली ऑल इंग्लंड जिंकलेल्या पुलेला गोपीचंद यांनी २००८ मध्ये गच्चीबावलीत अकादमी उभी केली. सायना नेहवालचं लंडनचं कांस्य आणि पी. व्ही. सिंधूचं रिओचं रौप्य याच तालमीतून आलं. तिथल्या शिक्षणाचा पाया पायांचा आहे. प्रतिस्पर्ध्याची रॅकेट शटलला भिडण्याच्या क्षणी घ्यायची ती छोटी उडी, दोन्ही पाय एकदम जमिनीवर, आणि तिथून कोणत्याही दिशेला पहिलं पाऊल. कोर्टच्या मागच्या कोपऱ्यात जाताना शरीर वळवत, नजर वर ठेवत जायचं. डिफेन्सिव्ह बॅकच्या सरावात याच हालचाली वेगळ्या नावांनी असतात.

आता याच हैदराबादचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या अमेरिकन फुटबॉल संघाकडे पाहू. २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाची घोषणा झाली. पाठीशी उभे राहिलेले लोक नामांकित होते: माइक डिटका, कर्ट वॉर्नर, रॉन जॉवर्स्की, मायकल अर्विन, भारतीय वंशाचा लाइनबॅकर ब्रँडन चिलार, अभिनेता मार्क वॉलबर्ग. पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स, दिल्ली डिफेंडर्स, कोलकाता वायपर्स यांच्या पंक्तीला हैदराबाद स्कायकिंग्ज होता. २०१२ मध्ये पहिला हंगाम झाला आणि पुणे मराठाजने तो जिंकला. रग्बी, अॅथलेटिक्स, कबड्डी अशा खेळांतून आलेली धडधाकट मुलं त्यात मनापासून खेळली. पण लीगने मूळ धरलं नाही. शहरांच्या नावाचे संघ होते, मात्र त्या त्या शहरातल्या मैदानावर रोज संध्याकाळी जमणारी मुलं आणि त्यांना शिकवणारे मास्तर नव्हते.

लीग न टिकण्यामागे पैसा, मैदानं, प्रेक्षक अशी अनेक कारणं असणार. तरी खेळाच्या अंतरंगातलं एक कारण दुर्लक्षून चालणार नाही. वरच्या ठळक नावांत दोन क्वार्टरबॅक आहेत, एक रिसीव्हर आहे, एक लाइनबॅकर आहे, डिटका स्वतः टाइट एंड होते. डिफेन्सिव्ह बॅक एकही नाही. खेळ दाखवायला निघालं की आपोआप अशीच यादी तयार होते. आणि कव्हरेज कच्चं असेल तर फेकीला अर्थ उरत नाही. मोकळ्या सुटलेल्या रिसीव्हरकडे टाकलेला चेंडू पाहण्यात पहिल्या दोन वेळा मौज असते, तिसऱ्यांदा नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे, झाकणारा चांगला नसेल तर रिसीव्हरला आपली वाट काटेकोर पळण्याची गरजच पडत नाही आणि क्वार्टरबॅक मैदान वाचायला शिकत नाही. एखाद्या देशात हा खेळ किती उंची गाठू शकतो, ते तिथल्या कॉर्नरबॅकवरून ठरतं.

फ्लॅग फुटबॉलमध्ये हा मुद्दा आणखी धारदार होतो. मूळ खेळात ११ बचावपटूंपैकी चार-पाच जण डिफेन्सिव्ह बॅक असतात, बाकीचे धडक देणारे. फ्लॅगमध्ये पाचांपैकी साधारण एक जण फेकणाऱ्यावर चाल करतो, तोही सात यार्ड मागून, आणि उरलेल्या चौघांचं काम निव्वळ कव्हरेजचं असतं. समोरच्या प्रत्येक खेळाडूला झेल घेण्याचा अधिकार आहे. शिवाय रिसीव्हरला हात लावता येत नाही. मूळ खेळाच्या नियमांचा प्रवासही याच दिशेने झाला. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट रिसीव्हरला वाटेत इतक्या ताकदीने रोखायचा की १९७८ मध्ये नॅशनल फुटबॉल लीगने पहिल्या पाच यार्डांपुढे असा संपर्क बेकायदा ठरवला. लोक आजही त्याला ब्लाउंटचा नियम म्हणतात. फ्लॅगमध्ये ते पाच यार्डही काढून घेतले आहेत. बळ वजा झालं, आता पाय, नजर आणि संयम एवढंच भांडवल.

हे भांडवल भारतीय मुलांकडे कुठून येईल, याचा विचार भाबडेपणाने करून चालणार नाही. कबड्डीचंच घ्या. तेलुगू टायटन्सकडून खेळलेला विशाल भारद्वाज किंवा महाराष्ट्राचा गिरीश एर्नाक यांच्यासारखा डावा कोपरारक्षक पाहिला की वाटतं, हाच उद्याचा कॉर्नरबॅक. चढाईपटूने पाय पूर्ण टाकल्याशिवाय घोट्याला झेपावायचं नाही, हा त्यांचा संयम थेट उपयोगी पडेल. हुलीला न भुलणं, शेजाऱ्याशी बोलत राहणं, साखळीत एकत्र सरकणं, हेही. पण कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, आणि बचाव त्याच्या अर्ध्या भागात. तिथे वीस यार्ड मागे पळण्याची वेळ येत नाही, आणि हवेत चेंडूही नसतो. शिवाय कबड्डीपटूचे हात आपोआप धरायला जातात. फ्लॅगमध्ये तीच सवय दंड ओढवून आणेल. ती मोडायला वेळ लागेल.

चेंडूचा भाग क्रिकेट देऊ शकतं. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्‌सवर मदनलालच्या चेंडूवर व्हिव्हियन रिचर्ड्‌सने उंच फटका मारला आणि कपिलदेव पाठ फिरवून मिडविकेटच्या दिशेने मागे धावत गेला. खांद्यावरून मागे पाहत, वेग न सोडता, उतरणाऱ्या चेंडूखाली आपली धाव आणून त्याने झेल घेतला. लांब फेकीवर कॉर्नरबॅकला नेमकं हेच करायचं असतं, फक्त शेजारी आणखी एक जण तोच चेंडू झेलायला धावत असतो. सीमारेषेवर असा झेल घेणारी मुलं हैदराबादच्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. अमेरिकन मुलांना या कौशल्यासाठी वेगळा सराव करावा लागतो. खो-खोतली दिशाबदलाची चपळाई, बॅडमिंटनचं पहिलं पाऊल, कबड्डीचा संयम आणि क्रिकेटची चेंडूवरची नजर, हे चार तुकडे चार वेगवेगळ्या मुलांकडे आहेत. ते एका शरीरात जुळवणं हे प्रशिक्षकाचं काम आहे.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्हींना उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप शरीरयष्टीचा. हा खेळ धिप्पाडांचा आहे, आपल्याला झेपणार नाही. कॉर्नरबॅकच्या बाबतीत हे खरं नाही. वॉशिंग्टनचा डॅरेल ग्रीन पावणेसहा फुटांच्या आसपासचा होता. १९८३ ते २००२ अशी तब्बल वीस वर्षं तो त्या जागेवर खेळला आणि २००८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. वेग लागतो, यात शंका नाही, पण त्या उंचीची वेगवान मुलं आपल्याकडे कमी नाहीत.

दुसरा आक्षेप इजेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. पिट्सबर्गचा माजी खेळाडू माइक वेब्स्टर २००२ मध्ये वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचा प्रश्न अमेरिकेला टाळता आला नाही. भारतातल्या शाळांनी धडकेचा मूळ खेळ मुलांच्या गळ्यात बांधू नये, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. फ्लॅगमध्येही दोन मुलं एकाच चेंडूसाठी उडी घेतात तेव्हा टक्कर होऊ शकते. ती टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नीट शिकवलेलं कव्हरेज. कोणत्या बाजूने यायचं, नजर कधी वळवायची आणि शेजारी कुठे आहे, हे ज्याला कळतं तो आंधळेपणाने कुणावर आदळत नाही.

तिसरा आक्षेप असा: आपले खेळ उपाशी असताना परक्या खेळाला जागा कशाला? याचं उत्तर खर्चाच्या हिशेबात आहे. फ्लॅगला पट्टे, फिती आणि दोन-तीन चेंडू लागतात. ५० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद मैदान, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा. फुटबॉलच्या एका मैदानावर दोन सामने सहज मावतात. कबड्डी आणि खो-खो खेळणाऱ्या मुलींना शाळा सुटली की पुढचे दरवाजे कमी असतात. ऑलिम्पिकमध्ये महिलांची स्पर्धा असलेला असा खेळ, ज्यात त्यांच्या अंगातल्या कौशल्याला थेट मोल आहे, तो त्यांच्यापासून दूर ठेवण्यात आपल्या खेळांचं काहीच भलं होत नाही.

मग करायचं काय? हैदराबादेत त्यासाठी नवं काही बांधावं लागणार नाही. २००२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी गच्चीबावलीत उभी राहिलेली मैदानं आहेत, हकीमपेटला राज्याची क्रीडा शाळा आहे, आणि शहरभर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आहेत. पहिली गुंतवणूक या शिक्षकांत व्हावी. बाहेरून एखादा माजी क्वार्टरबॅक बोलावण्याऐवजी डिफेन्सिव्ह बॅक शिकवणारे दोन प्रशिक्षक वर्षभरासाठी आणावेत. त्यांच्या शेजारी बॅडमिंटनमध्ये पायांचं काम शिकवणारा एक आणि कबड्डीचा एक प्रशिक्षक बसवावा. पहिले तीन महिने स्पर्धा भरवू नयेत. रोज मागे पळणं, कंबर उघडणं, आडवं पाऊल, एकास एक झाकणं, मग दोघांत जागा वाटून घेऊन मोठ्याने बोलणं. मोजायचं तेही हेच: किती वेळा रिसीव्हर मोकळा सुटला, किती वेळा बचावपटूने वेळेआधी मान वळवली, किती वेळा हात लावल्याबद्दल दंड झाला. गुणफलक नंतर येईल. वर्षअखेरीस या शाळांमधून निवडलेल्या दहा मुली आणि दहा मुलांना पुण्यातल्या आणि मुंबईतल्या अशाच संघांसमोर उभं करावं, आणि सामना संपल्यावर त्यांच्या पायांचं चित्रीकरण प्रत्येक शाळेतल्या शिक्षकाच्या हाती द्यावं, म्हणजे पुढच्या तुकडीचा सराव कुठून सुरू करायचा ते त्यालाच ठरवता येईल.